फिट, अनफिट आणि फुफ्फुसावरचा डाग

छातीच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला, हासळीच्या हाडाआड, पांढऱ्या रेषांचा एक छोटा पुंजका दिसतो. कडा ठसठशीत आहेत, आत चुन्याचे एकदोन कण आहेत, शेजारच्या रक्तवाहिन्या किंचित वर ओढल्या गेल्या आहेत. अहवालात आम्ही लिहितो, ‘जुन्या, भरून आलेल्या क्षयाच्या खुणा’. माणूस धडधाकट आहे, खोकला नाही, वजन उतरलेले नाही, टीबीची औषधे पाच-सात वर्षांपूर्वीच पूर्ण झालेली आहेत. हाच माणूस विलायतेत शिकायला निघाला, तर त्याला ओळीने तीन दिवस सकाळचा बेडका द्यावा लागतो, कल्चरच्या निकालासाठी आठेक आठवडे थांबावे लागते आणि जंतू सापडले नाहीत तर प्रमाणपत्र मिळते. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी निघाला, तर हा एक्स-रे सहसा कोणी मागतच नाही. पुढे विद्यापीठाने मागितला तर गोष्ट वेगळी. आणि तोच जर आखातात वेल्डर म्हणून निघाला, तर ‘वाफिद’ या आखाती देशांच्या तपासणी-व्यवस्थेच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही ‘गामका’च्या, मेडिकलमध्ये त्याच्या नावापुढे ‘अनफिट’ लागते. फुफ्फुस एक, डाग एक, निकाल तीन. हे वैद्यकशास्त्रातले मतभेद असते तर मला लिहायचे कारण नव्हते. हा मतभेद वैद्यकशास्त्राचा नाही.

व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत दोन वेगळे प्रश्न एकाच शिक्क्याखाली विचारले जातात. पहिला प्रश्न असा, की या माणसामुळे आज दुसऱ्या कोणाला आजार होईल का? दुसरा असा, की हा माणूस आम्हाला परवडेल का, पुरेसा राबेल का? पहिला प्रश्न डॉक्टरचा आहे आणि त्याचे उत्तर बऱ्याच खात्रीने देता येते. दुसरा नोकरी देणाऱ्याचा आणि तिजोरी सांभाळणाऱ्याचा आहे. तो विचारायला माझी हरकत नाही. तो डॉक्टरच्या सहीआड लपवून विचारायला आहे.

ही सरमिसळ जुनी आहे. अमेरिकेच्या १८९१ च्या कायद्याने किळसवाणा किंवा धोकादायक संसर्गजन्य रोग असलेल्यांना दार बंद केले आणि त्याच कायद्याने सरकारवर भार होण्याची शक्यता असलेल्यांनाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंडवरचे स्थलांतरितांच्या तपासणीचे केंद्र सुरू झाले. तिथले डॉक्टर जिना चढून येणाऱ्या रांगेकडे पाहत, काही सेकंदांत अंदाज बांधत आणि शंका आली की कोटावर खडूने अक्षर काढत. डोळ्यांच्या खुपऱ्या शोधण्यासाठी पापणी उलटी करत. त्यासाठी बुटांची बटणे लावायचा आकडासुद्धा वापरला जाई. पण ही रांग होती जहाजाच्या तळातून आलेल्या गरिबांची. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या उतारूंना जहाजावरच्याच केबिनमध्ये वरवर पाहून सोडले जाई. खुपऱ्यांचा जंतू तिकिटाचा वर्ग बघून डोळ्यात शिरत नाही, हे त्या डॉक्टरांना माहीत नव्हते असे थोडेच आहे?

संसर्गाची भीती मात्र खोटी नव्हती आणि आजही नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा पुढच्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजे थांबवावी लागली. अशाच साथींच्या काळात भरलेल्या परिषदांतून पुढे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम तयार झाले. आज लागू असलेल्या २००५ च्या नियमांतले ३१ वे कलम वाचण्यासारखे आहे. सामान्य प्रवाशाला शरीरात सुई-नळी घालणाऱ्या तपासणीची अट घालता येत नाही. पण तात्पुरते वा कायमचे वास्तव्य मागणाऱ्याला घालता येते. म्हणून पंधरा दिवसांच्या पर्यटकाला कोणी काही विचारत नाही आणि दोन वर्षांच्या कामगाराचे रक्त काढले जाते. क्षयाच्या बाबतीत हा फरक तसा समर्थनीय आहे, कारण टीबी बसमध्ये शेजारी बसल्याने सहसा लागत नाही. त्याला एकाच खोलीतला दीर्घ सहवास लागतो. देशांना तपासणीचा अधिकार आहे हे मी इथेच मान्य करून टाकतो. माझा वाद आहे तो तपासणीनंतर काय करायचे याबद्दल.

क्षयाची लागण आणि क्षयाचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ इथे होतो. जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येला कधी ना कधी या जंतूची लागण झालेली असते. त्यातल्या पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांच्या शरीरात तो मुकाट पडून राहतो आणि तो कोणाला लागत नाही. एक्स-रे पकडतो तो आजार, आणि तोही ज्या दिवशी फोटो काढला त्या दिवसापुरता. ब्रिटनने हीथ्रो आणि गॅटविक विमानतळांवरचे एक्स-रे बंद करून २०१२ पासून प्रवासाआधीच्या तपासणीची पद्धत देशोदेशी नेली. सहा महिन्यांहून जास्त राहायला येणाऱ्यांसाठी ती आहे, आणि भारत त्या यादीत आहे. त्याआधीच्या पथदर्शी टप्प्यात तपासून आत घेतलेल्या सुमारे ५ लाख २० हजार लोकांचा पुढे मागोवा घेतला गेला आणि तो अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यांतल्या १,८७३ जणांना नंतर ब्रिटनमध्ये क्षय निघाला, म्हणजे हजारात चारही नाहीत. त्यांच्यापासून इतरांना तो लागल्याची उदाहरणे जंतूंचे वाण जुळवून शोधली, तर तीही मोजकीच निघाली. आजार आढळला त्याला तिथे आधी उपचार घ्यायला सांगतात. बरा झाला की तो पुन्हा अर्ज करू शकतो. अमेरिका कायमच्या वास्तव्यासाठी जाणाऱ्यांची तपासणी करते, तिथेही संशयास्पद एक्स-रे पण स्वच्छ बेडका असलेल्याला वेगळ्या वर्गात घालून प्रवासाची परवानगी मिळते आणि पोहोचल्यावर स्थानिक आरोग्य खात्याकडे पुन्हा तपासणी होते. उलट आखाती देशांच्या नियमात जुना डागसुद्धा नकाराला पुरतो. मग तो रोगजंतूंना अडवणारा नियम कसा म्हणायचा?

यावर माझेच काही सहकारी एक रास्त मुद्दा मांडतात. ज्याला एकदा टीबी होऊन गेला, त्याला पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. मग जोखीम कोणी का घ्यावी? शक्यता जास्त असते हे खरेच आहे. पण जास्त शक्यता म्हणजे आजार नव्हे. शिवाय ज्याच्याकडे डाग आहे, त्याचा धोका निदान दिसतो तरी. ज्याला गेल्या वर्षी लागण झाली आणि ज्याचा एक्स-रे आज काचेसारखा स्वच्छ आहे, तो ‘फिट’ होऊन जातो, आणि लागणीनंतरची पहिली दोन वर्षेच सर्वांत धोक्याची असतात. डागवाल्याचा बेडका तपासून आणि वर्षभर लक्ष ठेवून जोखीम सांभाळता येते. फोटोवरून कायमचा नकार देण्यात शास्त्र कमी आणि सोय जास्त आहे. धडधाकट माणसांची रांग मोठी असली की मालकाला निवडायला सोपे जाते, इतकेच. हिपॅटायटिस बीचेही तेच. बरोबर काम केल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो लागत नाही आणि त्याची लस गेली चाळीसेक वर्षे उपलब्ध आहे. तरी त्याचा जंतू अंगात असलेला सुतार आखातासाठी अनफिट ठरतो.

कामगार दाटीवाटीने राहतात म्हणून तिथे नियम कडक हवा, असेही सांगितले जाते. मग सिंगापूरकडे पाहावे. तिथे परदेशी कामगाराला परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी द्यावीच लागते. एक्स-रे त्यात आलाच. तरुण, निवडून घेतलेली, ‘फिट’ माणसे. २०२० मध्ये कोविड आला आणि वर्ष संपेपर्यंत कामगार वसतिगृहांतल्या सुमारे ४७ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचे दिसले. नवा विषाणू जुन्या मेडिकलला सापडणार नव्हता, हे उघडच आहे. पण तो पसरला तो खोल्यांतल्या गर्दीमुळे आणि कोंदट हवेमुळे, आणि टीबीलाही नेमके तेच लागते. एका खोलीत किती माणसे झोपवायची याचा दाखला मात्र कोणत्याच वकिलातीत मागत नाहीत.

राहिला खर्चाचा प्रश्न, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. सरकारी पैशाने सर्वांना उपचार देणाऱ्या देशाने येणाऱ्याचा आजार किती महाग पडेल हे पाहू नये का? जरूर पाहावे, पण हिशोब म्हणून पाहावे. ऑस्ट्रेलियात २००८ साली डॉ. बर्नहार्ड मोलर यांचे प्रकरण गाजले. ते जर्मन डॉक्टर. व्हिक्टोरिया राज्यातल्या हॉर्शम गावात, जिथे डॉक्टरांची टंचाई होती, तिथे सेवा देत होते. मुलाला डाउन सिंड्रोम आहे म्हणून कुटुंबाला कायमचे वास्तव्य नाकारले गेले, आणि गदारोळ झाल्यावर मंत्र्यांनी ते दिले. मुलामुळे कोणाला काही लागण होणार नव्हती. त्याच्यावर होणाऱ्या संभाव्य खर्चाचे गणित तेवढे झाले होते, आणि त्यात बापाच्या कामाची जमेची बाजू धरलेलीच नव्हती. कॅनडाने ‘अवाजवी भार’ ठरवण्याची खर्चाची मर्यादा २०१८ मध्ये तिप्पट केली. न्यूझीलंडने आणि ऑस्ट्रेलियानेही पुढे ती बरीच वर नेली. म्हणजे जो माणूस आधी वैद्यकीयदृष्ट्या ‘अपात्र’ होता, तो आकडा बदलताच पात्र झाला. त्याच्या शरीरात तसूभर फरक पडला नव्हता! ब्रिटनचा मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो. तिथे प्रौढ अर्जदाराकडून वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्याकडून ७७६ पौंड आरोग्य अधिभार आधीच घेतात आणि वैद्यकीय तपासणी सर्वसाधारणपणे टीबीपुरती ठेवतात. जर्मनी विद्यार्थ्याकडून आरोग्यविमा मागते. हे पैसे जड जातात, पण निदान पैशाचा प्रश्न पैशाने सुटतो. डॉक्टरच्या सहीने नाही.

नियम बदलत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी एचआयव्हीचा इतिहास पाहावा. अमेरिकेने १९८७ मध्ये एचआयव्हीबाधितांना दार बंद केले. त्याच्या निषेधात १९९२ ची जागतिक एड्स परिषद बॉस्टनहून ॲमस्टरडॅमला हलवावी लागली. ती बंदी अखेर जानेवारी २०१० मध्ये उठली, आणि त्याच वर्षी चीननेही आपली उठवली. त्या बंदीने अमेरिकेतली साथ थांबल्याचा पुरावा कोणी देऊ शकले नाही.

आखाती देशांचे नियम मुंबईत बसून बदलता येणार नाहीत. पण ही तपासणी होते ती आपल्याच शहरांत, आपल्याच खासगी केंद्रांत, आणि तिथे आपला कायदा चालतो. २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे बंधनकारक आहे, खासगी दवाखान्यांनाही. म्हणजे मेडिकलमध्ये टीबी निघाला, तर त्या माणसाची नोंद ‘निक्षय’ या सरकारी क्षयनोंदणी पोर्टलवर व्हायला हवी आणि त्याला मोफत औषध सुरू व्हायला हवे. पण हाती अनेकदा पडतो तो एका शब्दाचा निकाल. मग रत्नागिरीचा किंवा नांदेडचा तरुण घरी कोणाला न सांगता एजंटकडे जातो आणि एजंट ‘सेटिंग’ करून देतो. तिकडे उतरल्यावर पुन्हा तपासणी होते आणि कर्ज काढून गेलेला माणूस परत पाठवला जातो. तोवर खरोखरच आजार असेल, तर तो घरच्या खोलीत झोपणाऱ्यांना लागलेला असतो. ‘अनफिट’चा कागद देताना जवळच्या क्षयरोग केंद्राची चिठ्ठी आणि एक्स-रेची प्रत सोबत देणे राज्य सरकारने सक्तीचे करावे. त्याला ना परराष्ट्र खात्याची परवानगी लागते, ना फारसा खर्च.

आणि ज्यांच्या घरातले कोणी परदेशी निघाले आहे, त्यांना एवढेच सांगणे आहे. मेडिकलची फी भरण्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयात छातीचा एक्स-रे काढून घ्या. पूर्वी टीबी झाला असेल, तर उपचार पूर्ण झाल्याचा दाखला आणि त्या वेळची फिल्म जपून ठेवा. डाग जुना आहे आणि वाढलेला नाही, हे दाखवायला दोन फोटोंच्या तुलनेइतका सोपा पुरावा नाही. आखातासाठी तो नेहमीच चालेल असे नाही, पण इतर बहुतेक देशांत चालतो. ‘अनफिट’ म्हटले तर कारण लेखी मागा, फिल्म हातात घ्या, आणि एजंटकडे जाण्याआधी बेडका तपासून घ्या. ही तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते.