पेत्रोविचचे टाके

गोगोलची ‘ओव्हरकोट’ ही कथा १८४२ साली प्रसिद्ध झाली. तिच्याबद्दल बोलणारे बहुतेक जण अकाकी अकाकियेविच या पीटर्सबर्गच्या गरीब कारकुनाबद्दल बोलतात. मी कोट शिवतो, त्यामुळे माझी नजर त्याच्या शिंप्यावर, पेत्रोविचवर खिळते.

कारकून येतो तेव्हा पेत्रोविच गळ्यात रेशमाच्या आणि सुताच्या लडी अडकवून, अनवाणी मांडी घालून बसलेला असतो. सुईत दोरा ओवला जात नाही म्हणून अंधारावर चिडलेला असतो. मग तो जुना कोट उजेडात धरतो, अस्तर उलटून बघतो आणि ठिगळ लावायला साफ नकार देतो. हा नकार पुष्कळांना पैसे उकळायची युक्ती वाटतो. भाव तो चढवून सांगतो हे खरंच. दीडशे रूबल म्हणतो आणि ऐंशीला तयार होतो. पण पाठीवर, खांद्यांवर विरलेलं कापड टाका धरत नाही. ठिगळ टिकतं, भोवतालचं फाटतं. वर्षाला ४०० रूबल पगार असलेल्या माणसाला ‘आता नाही होणार’ असं तोंडावर सांगणं सोपं नाही.

नवा कोट दोन आठवड्यांत होतो, मजुरी १२ रूबल. अस्तराला रेशमाऐवजी सुती कापड, कॉलरला मांजराची फर. शिलाई मात्र सगळी रेशमी दोऱ्यानं, बारीक आणि दुहेरी. शिवाय प्रत्येक शिवणीवर पेत्रोविच दातांनी नक्षी उठवतो. अस्तरात काटकसर केली, दोऱ्यात नाही. मीही तेच केलं असतं.

कारकून कोट घालून कचेरीकडे निघतो. पेत्रोविच रस्त्यात उभा राहून लांबून बघतो, मग बोळातून धावत पुढे जातो, कोट समोरून कसा दिसतो ते पाहायला. सबंध कथेत मला सर्वांत प्रिय जागा ही. ट्रायलला गिऱ्हाईक आरशासमोर ताठ उभं असतं. कोट खरा कळतो तो माणूस आपल्या नादात चालायला लागल्यावर: पाठीला चुणी पडते का, कॉलर मानेपासून सुटते का.

त्याच रात्री कोट चोरीला जातो. पेत्रोविचला ते कळलं की नाही, गोगोल सांगत नाही. शेवटी कारकुनाचं भूत बड्या अधिकाऱ्याचा कोट हिसकावतं आणि तो त्याच्या खांद्यांना अगदी बरोबर बसला असावा, असं गोगोल म्हणतो. लांबी कमी करता येते, बाही आखूड करता येते. दुसऱ्याच्या मापाचा खांदा मात्र सगळा उसवल्याशिवाय बसत नाही. तेवढं एक मला पटत नाही.