क्रिएटिनिन नॉर्मल, मग ही तपासणी कशाला?

मुलीचा टाईप वन डायबेटिस आता घरात अंगवळणी पडलाय. जेवणाआधी शुगर बघायची, पोळ्या किती, भात किती ते पाहून इन्सुलिनचे युनिट ठरवायचे. पण आजाराला पाच वर्षं होत आली तशी डॉक्टरांनी लघवीची तपासणी लिहून दिली आणि मी गोंधळले. दुखणं रक्तातल्या साखरेचं, मग लघवीत काय बघायचं? तेही साखर नव्हे, अल्ब्युमिन नावाचं प्रथिन!

रिपोर्टमध्ये एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, ४६ आला. तो ३० च्या आत हवा. त्याच कागदावर रक्तातलं क्रिएटिनिन मात्र नॉर्मल. किडनी चांगली म्हणायची की बिघडली?

डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीमागे पेनानं चित्र काढलं. एकेका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या, प्रत्येकीत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्यांच्यावरचा दाब वाढतो, पडदा जाड होतो आणि तरीही गळू लागतो. जाड होऊन गळतो कसा, हे मी पुन्हा विचारलं. पडद्याला बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशीच झडत जातात, म्हणाले. मग रक्तात राहायचं ते अल्ब्युमिन लघवीत उतरतं. क्रिएटिनिन वाढतं ते फार नंतर, किडनीचं बरंच काम मंदावल्यावर.

तपासणीच्या आठवड्यात तिला ताप होता, आणि तापातही एसीआर वाढतो. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले, तरच ते खरं धरायचं. आमचे पुढचे नमुने ३० च्या आत आले.

तेव्हा त्यांनी डीसीसीटीबद्दल सांगितलं. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडात टाईप वनच्या १,४४१ रुग्णांवर झालेली ही चाचणी. एका गटाचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारा आकडा, ७ च्या आसपास, दुसऱ्याचं ९ च्या. पहिल्या गटात लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरलं. पुढे दोन्ही गटांची शुगर जवळपास सारखी झाली, तरी किडनीचा फायदा कित्येक वर्षं टिकला. मात्र चाचणीच्या काळात शुगर धोकादायक लो होण्याचे प्रसंग त्याच पहिल्या गटात सुमारे तिप्पट होते. रात्री घामानं भिजलेली मान आणि थरथरणारी बोटं मी पाहिली आहेत. म्हणून ‘शुगर कमीच ठेवा’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. तिला सोसेल एवढीच खाली आणायची.

घरात कुणाला टाईप वन होऊन पाच वर्षं झाली असतील, तर क्रिएटिनिनवर विसंबू नका. दरवर्षी लघवीचा एसीआरही तपासून घ्या.