संगणकाचं बिऱ्हाड

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि बाबांच्या संगणकावर विंडोज ११ चढवायचं काम माझ्याकडे आलं. "फॉरमॅट मार, एकदम स्वच्छ होतं," असं सांगणारा एक तरी भाचा प्रत्येक घरात असतोच. सल्ला तसा वाईट नाही. पण त्या स्वच्छतेत केरासोबत काय काय जातं, ते आधी बघायला हवं ना?

विंडोज चढवताना तीन पर्याय येतात: फायली आणि प्रोग्राम दोन्ही ठेवा, फक्त फायली ठेवा, किंवा काहीच ठेवू नका. मधला पर्याय फसवा. फायली राहतात, पण त्या उघडणारे प्रोग्राम जातात. बरं, प्रोग्रामचा फोल्डर नुसता कॉपी करून ठेवला तरी बहुतेकदा चालत नाही, कारण त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत असतात आणि सेटिंग्ज ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात. बिऱ्हाड हलवताना कपाट आणलं आणि किल्ली जुन्या घरीच राहिली, तसं.

लिनक्सवाले इथे सुखी. घरच्या फायली आणि सेटिंग्ज 'होम'मध्ये, आणि ते वेगळ्या पार्टिशनवर ठेवलं की बाकीचं घर पाडून बांधलं तरी चालतं. प्रोग्राम मात्र त्यांनाही पुन्हा घालावे लागतात.

आमची खरी काळजी वेगळीच होती. आजोबांनी शेवटच्या वर्षांत स्वतः टाइप केलेल्या आठवणी बाबांच्या संगणकावर आहेत, आणि त्या युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फाँटात! अशा फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फाँट गेला की फाइल शाबूत राहते, उघडतेही, पण आत नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. म्हणजे सगळं असून काहीच नाही.

म्हणून आधी ते फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतले. फाँटची फाइल त्यांच्या शेजारीच ठेवली. मग प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ केली, तिच्यात फाँट आतच बसतो. मजकूर युनिकोडमध्येही बदलून घेतला, पण रफार आणि जोडाक्षरं त्यात हमखास घोटाळा करतात. तेव्हा बाबा मूळ प्रत मोठ्याने वाचत होते आणि मी नवी तपासत होते. चार संध्याकाळी गेल्या. आजोबांनी विहिरीचं पाणी आटल्याचं वर्ष लिहून ठेवलंय, हे मला तेव्हाच कळलं.

मग पहिला पर्याय निवडून विंडोज ११ चढवलं. जमलं नाही तर परत फिरायला दहा दिवस मिळतात, तेवढ्यात सगळं उघडून पाहिलं. सगळं जागच्या जागी आहे.

मामा, आत्या, तुमच्याकडेही अशा जुन्या फायली असतील तर फाँट शोधून ठेवा. तो चालू असलेला संगणक अजून घरात आहे, तोवरच हे सोपं आहे.