शिसव

जुन्या वाड्यातील देवघरात शिसवी चौरंग असतो. त्या काळसर, जांभळट, गुळगुळीत लाकडावरून हात फिरवला, की शिसव म्हणजे काय, ते शब्दकोश न उघडता कळते. सुताराला मात्र हाच शब्द उच्चारताच करवतीची बोथटलेली धार आठवते. रानात हिंडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गोलसर पानांचा उंच वृक्ष उभा राहतो. काळ्या, तुकतुकीत कांतीलाही लोक ‘शिसवी’ म्हणतात. गंमत अशी, की या वृक्षाचे बाहेरचे लाकूड फिकट असते. सारा काळेपणा गाभ्यात दडलेला!

शब्द आला संस्कृत ‘शिंशपा’वरून. रामायणात अशोकवनातील सीता शिंशपेखालीच बसली होती. उत्तरेकडील शिसम हा शिसवाचा भाऊच. पण त्याचे लाकूड तपकिरी. इंग्रजांनी आपल्या शिसवाला कधी ‘ब्लॅकवुड’ म्हटले, कधी ‘रोझवुड’. गुलाबाशी त्याचे नाते केवळ ताज्या लाकडाच्या सुगंधापुरते.

शिसम शेताच्या बांधावर, रस्त्याकडेला मुद्दाम लावतात. सह्याद्रीतील शिसव वृक्ष मात्र तोडीमुळे विरळ झाले. २०१७ पासून या दोघांच्याही आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. कारण कापलेली फळी पाहून कोणत्या भावाची ती, हे सांगणे सोपे नसते.