रेई कुणाला?

• उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. कराटेचा वर्ग शाळेच्या पटांगणात असो, सोसायटीच्या हॉलमध्ये असो की गच्चीवर, सुरुवात तीच. पट्ट्याच्या रंगाप्रमाणे रांग, गुडघे मुडपून सेइझा, डोळे मिटून मोकुसो. मग तीन रेई, म्हणजे वाकून नमस्कार: समोरच्या भिंतीला, सेन्सेईंना म्हणजे गुरूंना, एकमेकांना.

• अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिरात वाकणारं मूल संध्याकाळी दोजोच्या, म्हणजे वर्गाच्या जागेच्या, दारातही वाकतं. ही पूजाच का, असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे, त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

• जपानमधल्या कित्येक दोजोंत समोर कामिदाना, म्हणजे शिंतो देवघर असतं. आपल्याकडे बहुधा कराटेच्या गिचिन फुनाकोशींसारख्या गुरूंचा फोटो, नाहीतर कोरी भिंत.

• ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ साली कोदोकान हे आपलं दोजो सुरू केलं ते तोक्योतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात, बारा तातामी चटयांवर. तरी त्यांच्यासाठी ज्युदो म्हणजे शिक्षण. आइकिदोच्या मोरिहेई उएशिबांवर मात्र ओमोतो या शिंतो वळणाच्या पंथाचा खोल ठसा. इवामा गावात त्यांनी देऊळच बांधलं. म्हणून सगळ्या कलांना एकच उत्तर लागू नाही.

• युद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या दोस्त राष्ट्रांच्या डिसेंबर १९४५ च्या आदेशाने तिथल्या सरकारी शाळांतून शिंतो हद्दपार झाला. युद्धानंतर बंद झालेला ज्युदो १९५० मध्ये शाळांत परतला. शाळांतलं देवघर गेलं, रेई टिकला.

• आपल्या तालमीत मारुती असतो. मल्ल लाल माती कपाळाला लावून उतरतो. कोल्हापूरच्या याच मातीत मुसलमान मल्लही घडले.

• मॅटला, फोटोला वाकायला लावणं आमच्या श्रद्धेविरुद्ध आहे, असं म्हणत अमेरिकेतले ज्युदोपटू कोर्टात गेले. २००२ साली सिएटलच्या फेडरल कोर्टाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. कायद्याने प्रश्न मिटला, पण मुलाच्या मनातला संकोच निकालाने जात नाही.

• आपल्या वर्गात दरबारात मत्था टेकणाऱ्या सिंधी घरातलं मूल असतं. डॉ. आंबेडकरांच्या बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या बौद्ध घरातलं असतं. सजदा फक्त अल्लाहला, असं मानणाऱ्या घरातलंही असतं. प्रत्येक घरी वाकण्याला वेगळा अर्थ आहे. सेन्सेईंनी प्रवेशाच्या दिवशीच सांगावं: भिंतीवर कोण आहे, त्याला का वाकायचं. पटलं नाही तर मूल उभं राहून शांतपणे थांबेल, त्याचा पट्टा अडणार नाही.

• जोडीदाराला रेई मात्र कुणालाच माफ नको. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रेई न करता निघालेल्या इजिप्तच्या ज्युदोपटूला पंचांनी परत बोलावलं, ते योग्यच झालं. समोरचा आपलं शरीर विश्वासाने आपल्या हाती देतो. त्याचा मान राखायला कुठल्याच धर्माची आडकाठी नाही.