बोरमाळेचा कस

सोन्यातली खोट आगीत जळते. मनातला संशय मात्र आपण जपू तितका वाढतो. म्हणून घरात दागिना पारखायला बसताना आधी मन थाऱ्यावर असावे.

आमच्या आईच्या मागे दोन दागिने राहिले. पाटल्या माझ्याकडे रोह्याला आल्या, बोरमाळ धाकट्या बहिणीकडे पेणला गेली. वर्षश्राद्धाच्या आधी तिचा फोन आला, "ताई, माळ फारच हलकी लागते गं. सोन्याची नसेल का?" आईचे शेवटचे आजारपण वहिनीने काढले होते. संशय कुणावर जाणार, हे न बोलताही कळले. "अजून कुणापाशी बोलू नकोस," एवढेच मी म्हटले.

बहिणीने घरी दोन परीक्षा केल्या होत्या. पहिली चुंबकाची. माळ चिकटली नाही. पण पितळ आणि तांबेही चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंड आहे एवढे कळते, न चिकटल्याने सोने सिद्ध होत नाही. दुसरी पाण्याची. बावीस कॅरेटचा २० ग्रॅमचा भरीव दागिना दोऱ्याने पाण्यात टांगून तोलला, तर वजन एक ग्रॅमहून थोडेसेच जास्त घटते. पितळेचे दोन ग्रॅमहून अधिक घटते. माळेचे तर त्याहूनही पुष्कळ घटले. बहीण हबकली.

मी सकाळच्या गाडीने पेणला गेले. दोघी मिळून सोनाराकडे गेलो. त्यांनी एक मणी काळ्या कसोटीवर घासला, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. पितळेची रेघ विरून जाते; ही तशीच राहिली. मग ते म्हणाले, "जुनी बोरमाळ आहे. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. पाण्यात ती फसवणारच." बहिणीचे डोळे भरून आले. वहिनीचे नाव कुणाच्या तोंडून निघाले नव्हते, हीच माउलीची कृपा.

नव्या दागिन्यांना आता हॉलमार्क असतो: भारतीय मानक ब्युरोची खूण, 'बावीस कॅरेट ९१६' म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, आणि सहा अंक-अक्षरांचा क्रमांक. तो 'बीआयएस केअर' ॲपवर घरबसल्या पडताळता येतो. जुन्या दागिन्यांवर ही खूण नसते. ते जाणत्याकडेच न्यावेत. तेजाबाचा खेळ घरी करू नये.

संत नरहरी सोनारांनी डोळ्यांवर पट्टी बांधून विठोबाच्या कमरेचे माप घेतले, तरी करगोटा पुन्हा पुन्हा चुकला, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो. सोने चोख होते, हात कसबी होता. आड आली ती पट्टी. आपल्या घरातही असेच होते. वस्तू पारखायला कसोटी आहे, हॉलमार्क आहे. माणसावर बोट दाखवण्याआधी मात्र आपल्या डोळ्यांवरची पट्टी सोडावी. गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हाच हे व्रत आपण घेतले आहे.

रामकृष्ण हरी.