चेतक, येझ्दी आणि चिरंजीवांची मोटारसायकल

२०१९ च्या मार्चमध्ये चिरंजीवांनी जेवताना जाहीर केलं, "मी मोटारसायकल घेतोय." वरणाची वाटी आमच्या हातातच राहिली. वय २३, पहिली नोकरी, पैसे त्याचे. नाही म्हणायला आमच्याकडे कारण होतं, अधिकार नव्हता.

तसं बी आम्हीच पेरलेलं. 'धूम'ची (२००४) डीव्हीडी देशी दुकानातून आणली कुणी? आठ वर्षांचं पोर हायाबुसाकडे पाहत बसलं, ते बसलंच. आता त्याला ६०० सी.सी.ची सुपरस्पोर्ट हवी होती. "टॉप स्पीड दीडशेच्या वर!" मैल बरं का, किलोमीटर नव्हे. आपल्या न्यू जर्सी टर्नपाइकवर ६५ च्या वर परवानगी नाही, हे आम्ही सांगून पाहिलं. तो हसला.

आम्ही दोघे पुण्याचे. एकाकडे येझ्दी, दुसरीकडे लूना, लग्नानंतर चेतक. चेतकची ताकद साडेसात अश्वशक्ती. तेवढ्यात आम्ही दोघे आणि गॅसचं सिलिंडर पर्वतीपायथ्यापर्यंत सुखरूप जात असू. याच्या गाडीत शंभरावर घोडे! मग आम्हीही वाचायला बसलो. कळलं ते असं, की नवशिक्याला खरा धोका टॉप स्पीडचा नाही, मनगटाचा आहे. ही गाडी खालच्या आर.पी.एम.ला गरीब गायीसारखी चालते आणि वर गेली की एकदम उधळते. खड्डा आला, दचकून मूठ पिळली गेली, की संपलं. विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००७ साली सांगितलं होतं, की नोंदलेल्या गाड्यांच्या हिशेबात सुपरस्पोर्ट चालवणाऱ्यांच्या मृत्यूचं प्रमाण इतर मोटारसायकलींच्या जवळजवळ चौपट आहे.

हा आकडा त्याला ऐकवला. परिणाम शून्य.

मग एका रात्री आम्ही ते सांगितलं, जे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. मामा लंगडतो, हे त्याला ठाऊक होतं. का, ते ठाऊक नव्हतं. १९८३ चा पावसाळा, कात्रजचा घाट, वळणावर खडी. येझ्दी चालवणारा आमच्यातलाच एक, मागे बसलेला आमच्यातल्या दुसरीचा भाऊ. हेल्मेट दोघांनाही नाही. वेग असेल चाळीस किलोमीटर. पुढचा ब्रेक करकचून दाबला, एवढीच चूक. चालवणाऱ्याला खरचटलं, मामाचा पाय तीन जागी मोडला. घरात यावर आम्ही कधी बोलत नसू. त्या रात्री बोललो, आणि आमच्यातला एक जण मध्येच उठून बेसिनशी उभा राहिला.

चिरंजीव काही बोलले नाहीत. पण पुढच्या महिन्यात मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशनच्या कोर्सला नाव घातलं. गाडी तिथलीच, २५० सी.सी.ची. पार्किंग लॉटमध्ये यू-टर्न घेताना, चालण्याच्या वेगात, ती त्याने आडवी पाडली. गुडघा सुजवून घरी आला आणि ६०० चं नाव त्यानंतर निघालं नाही. (विम्याच्या कोटेशनचाही त्यात हात असावा.)

पुढचे तीन शनिवार आम्ही तिघे दुकानं हिंडलो. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, मनगटावर किती भार येतो, ए.बी.एस. आहे का, हे आम्ही विचारायचं. रंग त्याने पाहायचा. कावासाकीची निंजा ४०० आम्हाला जास्त आवडली, बसायला सोपी. त्याने घेतली के.टी.एम.ची आर.सी. ३९०. एक सिलिंडर, ३७३ सी.सी., घोडे चाळीसच्या आसपास, ए.बी.एस. कंपनीचंच. टॉप स्पीड शंभर मैलांच्या थोडा पुढे. म्हणजे टर्नपाइकला तरीही जास्तच. आणि ही ऑस्ट्रियन नावाची गाडी बनलेली कुठे? बजाजच्या चाकणच्या कारखान्यात. येझ्दी विकून आलेल्या माणसांच्या दारात पुण्याची गाडी उभी राहिली!

पहिल्या रविवारी मामाला व्हिडिओवर दाखवली.

"किक कुठल्या बाजूला?" मामाने विचारलं.

"मामा, किक नसतेच आता."

मामा थोडा वेळ गाडी पाहत राहिला. मग म्हणाला, "बरं. मागच्या सीटवर वर्षभर कुणाला बसवू नकोस."

"नाही बसवणार."

आम्ही दोघे कॅमेऱ्याच्या मागे उभे होतो, ते बरं होतं.